ऑफिसची दिवाळी आणि गिफ्ट एक्स्चेंज: कोणाला कमीपणा न वाटता कसं करायचं?

ऐरोलीची_लेक (२६ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वेळ काढून वाचा आणि मनापासून सांगा.

मी ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, आमच्या मजल्यावर ४२ जण. यंदा दिवाळीचं सगळं, म्हणजे डेकोरेशन, खाणं, गिफ्ट एक्स्चेंज, माझ्याकडे आणि अजून एका मैत्रिणीकडे आलंय. काम करायला आवडतंच, तो प्रश्न नाही. १७ ऑक्टोबरला शुक्रवारी वसुबारस आहे, त्याच दिवशी दुपारी करायचं असं चाललंय कारण शनिवारी धनत्रयोदशी आणि मग अर्धे लोक गावाला.

गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ५०० रुपयांपर्यंत गिफ्ट आणायचं आणि जेवणाची कॉन्ट्री ४०० वेगळी. आमच्याकडे तेव्हा एक ट्रेनी मुलगा होता, कळव्याहून यायचा, हातात पंधरा-सोळा हजार पडायचे. पार्टीच्या दिवशी तो आलाच नाही, ताप आलाय म्हणून मेसेज टाकला. दोन महिन्यांनी डबा खाताना सहज बोलून गेला, ताई तेव्हा बहिणीची फी भरायची होती, ९०० रुपये कुठून आणणार होतो, आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं. मला घासच उतरेना.

आणि दुसरं. पार्टी संपली, सगळे फोटो काढत होते, आणि आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी टेबलाखालून गिफ्टचे कागद गोळा करत होत्या. चुरगाळून पिशवीत टाकत नव्हत्या, एकेक कागद टेबलावर ठेवून तळहाताने सपाट करायचा, चिकटपट्टी नखाने हळू सोडवायची, मग घडी. मी विचारलं तर म्हणाल्या, मॅडम टाकायचेच आहेत ना, मग नेते मी, नातवाच्या वह्यांना कव्हरं होतील. मिठाईचे बॉक्स मोजून ४२ मागवले होते. मावशी, पँट्रीतले दादा आणि खाली गेटवरचे दोघे सिक्युरिटीवाले यांना उरलेले समोसे कागदी प्लेटमधून गेले. ती यादी मी केली नव्हती, पण मी तिथेच होते आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, हे मला अजून लागतं.

तर यंदा वर्गणी कशी काढू, एक्स्चेंज ठेवू की नको, आणि ज्यांची नावं एचआरच्या यादीतच नाहीत त्यांचं काय करू? परत डिसेंबरात सिक्रेट सांता आहेच, तोही आमच्याकडेच येणार.

घोडबंदरवाली (२६ सप्टेंबर)

ताई मी वागळे इस्टेटला अॅडमिनमध्ये आहे, अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून मला जे कामाला आलं ते सांगते.

एचआरची यादी घेऊच नका. गेटवरचं रजिस्टर मागा आणि एका आठवड्याचं नीट वाचा. रोज कोण कोण आत येतं ते त्यात कळतं, रात्रपाळीचे सिक्युरिटी, पाण्याचे जार आणणारा मुलगा, एसीवाला, कॅबचे ड्रायव्हर. पहिल्या वर्षी मी हे केलं तेव्हा आमचा आकडा ६० वरून ७७ झाला. सतरा माणसं रोज आमच्या दारातून येत-जात होती आणि मला अॅडमिनमध्ये असूनही त्यातल्या निम्म्यांची नावं माहीत नव्हती. साहेबांकडे जाल तेव्हा आकडा एकच सांगा, "७७ बॉक्स". "स्टाफचे ६० आणि बाकीचे १७" असं लिहिलंत की कात्री कुठे लागणार ते तुम्हीच दाखवून दिलं.

बजेट कमी पडत असेल तर बॉक्स लहान करा पण सगळ्यांचा सारखा. काजूकतली अर्धा किलोऐवजी पाव किलो द्या, कोणी काही म्हणत नाही. सुका मेवा द्यायचा असेल तर वाशीच्या मसाला मार्केटला एक फेरी मारा, आणि आता २२ तारखेपासून बदाम-पिस्त्यांवरचा आणि पॅकबंद फरसाणावरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, चॉकलेटवरचा १८ चा ५, त्यामुळे जुनं कोटेशन कोणी पुढे केलं तर नवीन मागा. घरगुती फराळ हवा असेल तर बचत गटाच्या बायकांना आत्ताच फोन करा, दसऱ्यानंतर त्या ऑर्डर घेतच नाहीत, कारण चकलीला हात किती लागतो ते त्यांनाच ठाऊक.

वर्गणीचं तर माझं स्पष्ट मत आहे, ग्रुपवर यादी टाकून नावापुढे टिक करत जायचं हे बंद करा. कोणाचं राहिलंय ते सगळ्या ऑफिसला दिसतं. यूपीआयचे स्क्रीनशॉट पण नकोत. आम्ही पँट्रीत एक बंद डबा ठेवतो, वर फट, बाजूला कोरी पाकिटं, ज्याला जे जमेल ते पाकिटात घालून टाकायचं, नाव लिहायचं नाही. पहिल्या वर्षी मला धाकधूक होती, पण उलट जास्त जमले, कारण ज्यांचा पगार मोठा त्यांनी हजार-दोन हजार टाकले. ठरलेले ४०० असते तर त्यांनी पण ४००च दिले असते ना.

अजून एक, कंपनीला व्हाउचर द्यायचं असेल तर यंदाच्या म्हणजे २०२५-२६ च्या आर्थिक वर्षात सगळी गिफ्टं मिळून ५,००० च्या आत ठेवायला सांगा, तेवढ्यावर टॅक्स लागत नाही. रोख दिलं तर मात्र ते पगारातच धरलं जातं. तुम्ही अकाउंट्सच्या, तुम्हाला माहीतच असेल, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

रबाळे_एमआयडीसी_काका (२८ सप्टेंबर)

ताई, तुमचं ते कागदाचं वाचून दोन मिनिटं थांबलो.

मी रबाळ्याला एका इंजिनीअरिंग शॉपमध्ये सुपरवायझर आहे, तीस वर्षं होत आली. आमच्याकडे सण खंडेनवमीपासूनच चालू होतो. आदल्या दिवशी शेवटची शिफ्ट संपली की मशीनं बंद करून पुसायची. नुसती वरवर नाही, लेथचा बेड रॉकेलने धुवून, स्वार्फ म्हणजे धातूचा कीस ब्रशने काढून, हाताला तेलकट लागेनासं होईपर्यंत पुसायचा. मग सकाळी हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. ज्या मशीनवर जो माणूस तो त्याची पूजा करतो, साहेबाच्या हातून नाही. हेल्पर पोरगं असलं तरी त्याच्या ड्रिल मशीनचा नारळ तोच फोडतो. त्या दिवशी त्याचा चेहरा बघावा.

आमच्याकडे पेढ्याचा बॉक्स मॅनेजरला आणि हेल्परला एकच. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेलं आहे. मंदीत दोन वर्षं अशी गेली की बॉक्स पण परवडला नाही. तेव्हा आम्ही शॉप फ्लोअरवरच मोठ्या पातेल्यात पातळ पोह्यांचा चिवडा केला, कोणी शेंगदाणे आणले, कोणी खोबरं, कढीपत्ता एकाच्या दारातला. कागदाच्या पुड्या बांधून सगळ्यांनी घरी नेल्या. माझा मुलगा आता तिशीचा झाला, तो अजून त्या चिवड्याची आठवण काढतो.

पण ताई एक गोष्ट राहून जातेय म्हणून मुद्दाम लिहितो. बॉक्स द्या, जरूर द्या. पण त्याआधी मावशींना आणि सिक्युरिटीवाल्यांना बोनस मिळतो का ते विचारा. बोनसचा हक्क १९६५ च्या कायद्यापासूनचा आहे, आणि हे आकडे सप्टेंबर २०२५ चे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, ज्याचा महिन्याचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ज्याने वर्षात निदान ३० दिवस काम केलंय, त्याला कमीत कमी ८.३३ टक्के बोनस आहे, जास्तीत जास्त २०. हिशोब ७,००० वर किंवा त्या कामाच्या किमान वेतनावर, जे जास्त असेल त्यावर. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणून तो सुटत नाही, कॉन्ट्रॅक्टरने द्यायचा. मार्चला वर्ष संपलं की आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम होते बघा, ती कुठे आणि आपला पेढ्याचा बॉक्स कुठे. पुष्कळ ठिकाणी बिलात बोनस लावलेला असतो, कंपनी पैसे देते आणि माणसापर्यंत पोचत नाहीत. तुम्ही अकाउंट्सला आहात, कॉन्ट्रॅक्टरचं बिल तुमच्याच टेबलावरून जात असेल. तेवढं एकदा बघा.

ऐरोलीची_लेक (२८ सप्टेंबर)

काका, बिल माझ्याच टेबलावरून जातं. दर महिन्याला मी त्यावर सही घेऊन पुढे पाठवते आणि आत्ता तुम्ही लिहिलंत तेव्हा लक्षात आलं की मी फक्त शेवटची बेरीज बघते. उद्या काढते.

घोडबंदरवाली ताई, पाकिटाचा डबा नक्की करणार. पण एक्स्चेंजचं कळत नाहीये. मावशींना पण चिठ्ठीत घ्यावं असं माझ्या मनात होतं.

कोपरखैरणेकर_पोर (२९ सप्टेंबर)

ताई, चिठ्ठीत घेण्याआधी प्लीज त्यांना विचारा. एकट्यात विचारा.

माझी आई चौदा वर्षं महापेला ऑफिसांमध्ये हाउसकीपिंग करत होती, म्हणून हक्काने लिहितेय. एका वर्षी तिकडच्या मॅडमनी खूप प्रेमाने आईचं नाव गिफ्ट एक्स्चेंजमध्ये घातलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, आई आजही त्यांना नावं ठेवत नाही. पण आईला चिठ्ठीत कोणीतरी मोठे साहेब आले, आणि त्यांना काय द्यायचं या विचाराने तिला आठवडाभर झोप लागली नाही. शेवटी तिने ३५० रुपयांचं पेन घेतलं, तेव्हा ३५० म्हणजे आमच्या घरात चार दिवसांची भाजी आणि दूध होतं. तिला गिफ्टमध्ये सहा काचेचे ग्लास आले. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमधून उतरताना त्यातला एक फुटला, तिने घरी येऊन पाच ग्लास धुवून कपाटात वर ठेवले, ते पाहुणे आले तरी निघायचे नाहीत.

आणि पार्टीत बोलावतात, पण बोलावून काय होतं, तर केक कापला की कोणीतरी म्हणतं मावशी जरा प्लेटा द्या ना. मग त्या देत राहतात. जेवण त्यांचं शेवटी, गार. तुम्हाला खरंच त्यांना बसवायचं असेल तर त्या दिवशी प्लेटा दुसऱ्या कोणीतरी उचलायच्या, हे आधी ठरवा आणि नाव लावून ठरवा, नाहीतर सवयीने त्याच उठतात.

आईला विचाराल तर ती एकाच दिवाळीबद्दल बोलते. तिला अनारसे करायची फार हौस. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायला लागतात, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. ती पहाटे साडेचारला उठून पाणी बदलायची आणि कामावर जायची, पण तळायला वेळच मिळायचा नाही, रात्री दहाला तळायला बसली की हात थरथरायचे आणि अनारसे तुपात विरघळायचे. एका वर्षी तिथल्या फॅसिलिटीच्या सरांनी धनत्रयोदशीला तिला दुपारी दोनला सांगितलं, ताई आजचं उरलेलं आम्ही बघतो, पगार कापला जाणार नाही, तुम्ही घरी जा. त्या दिवशी तिने उजेडात अनारसे तळले. जाळी अशी पडली होती की खसखस एकेक दाणा वेगळा दिसत होता. ते सर कधीच दुसरीकडे गेले, पण दर दिवाळीला पहिला अनारसा तुपात सोडताना ती त्यांचं नाव काढतेच.

नौपाडा_९० (२९ सप्टेंबर)

वरची पोस्ट वाचून मला जे म्हणायचं होतं ते अजूनच पटलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. गिफ्ट एक्स्चेंज हा प्रकारच बंद करावा. ५०० रुपयांत कॉफीचा मग, फोटोफ्रेम, बाटली आणि मेणबत्ती यापलीकडे काही येत नाही, ते घरी जाऊन माळ्यावर जातं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिलं जातं. मी तरी गेल्या पाच वर्षांत मिळालेलं एकही गिफ्ट वापरलेलं नाही. त्यापेक्षा दिवाळीच्या आठवड्यात लोकांना चारला सोडा. घोडबंदरला राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी सातला ऑफिसातून सोडलं तर तो घरी कधी पोचणार आणि कंदील कधी लावणार.

एक्स्चेंज ठेवायचंच असेल तर आमच्याकडे तीन वर्षांपासून दिवाळी अंकांचं करतो. १९०९ ला काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथपासूनची आपली परंपरा आहे ही, आणि हळूहळू घरात येणारे अंक कमी होत चाललेत याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही सहा-सात जण मिळून एकेक अंक घेतो, ज्याला घ्यायचाय त्यानेच, आणि ते सगळे पँट्रीच्या कपाटात ठेवतो. मागे एक कागद चिकटवलेला, नाव आणि तारीख लिहायची आणि न्यायचा. वाचायला अंक आणलाच पाहिजे असं काही नाही. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त अंक कोणी वाचले असतील तर आमच्या रात्रपाळीच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी, साताऱ्याकडचे आहेत, मार्चपर्यंत सगळे संपवले आणि मग आम्हाला सांगायला लागले की ह्यातली ही कथा वाच, ती सोड.

ऐरोलीची_लेक (३० सप्टेंबर)

कोपरखैरणेकर, तुझी पोस्ट मी मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवली. आईला माझा नमस्कार सांग. चिठ्ठीत नाव घालण्याचा विचार सोडला.

नौपाडा, अंकांची कल्पना आवडली, पण आमच्याकडे तमिळ, बंगाली, गुजराती पण आहेत, त्यांचं काय?

नौपाडा_९० (३० सप्टेंबर)

त्यांना त्यांच्या भाषेतलं आणायला सांगा ना. आमच्याकडची बंगाली मुलगी पूजेचा विशेष अंक आणते, त्यांच्याकडे दुर्गापूजेला तसे अंक निघतात. आम्हाला वाचता येत नाही पण चित्रं दाखवत ती प्रत्येक गोष्ट काय आहे ते जेवताना सांगते.

घणसोली_लेडीज_डबा (१ ऑक्टोबर)

आज सकाळीच आमच्या ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात दसरा झाला म्हणून न राहवून लिहितेय. उद्या सुट्टी म्हणून आजच. ठाण्याला जांभळी नाक्यावरून काल संध्याकाळी झेंडू आणला, रात्री दोघींनी तोरणं ओवली, आणि गाडी फलाटाला लागली तशा दारापासून खिडक्यांपर्यंत बांधली. आजच्या रंगाची साडी तर सगळ्यांचीच होती. आपट्याची पानं, पेढा, एकीने घरून आणलेली साखरभाताची बरणी.

सांगायचं हे की आमच्या ग्रुपमध्ये बँकेतली ऑफिसर आहे, नर्स आहे, मॉलमध्ये बिलिंगला उभी राहणारी आहे, आणि घरकामाला जाणाऱ्या दोघी आहेत. वर्गणी आषाढापासून आठवड्याला दहा रुपये, सगळ्यांना सारखी. दहा रुपयांत कोणाची अडचण होत नाही आणि कोणी जास्त देऊन मोठी पण होत नाही. दसऱ्यापर्यंत शंभर-सव्वाशे प्रत्येकीचे जमतात आणि तेवढ्यात सगळं छान होतं. ऑफिसात एकदम ९०० मागतात तेव्हाच पोटात गोळा येतो. जानेवारीपासून महिन्याला थोडे-थोडे काढले असते तर कोणाला कळलं पण नसतं. पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा.

चरईचा_डॉम्निक (३ ऑक्टोबर)

मी ठाण्याचाच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथेच, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चचे आम्ही. ताईंनी डिसेंबरचा विषय काढलाय म्हणून लिहितो.

सिक्रेट सांता म्हटलं की ऑफिसात सगळे माझ्याकडे बघतात. आठ वर्षं झाली, लाल टोपी मलाच. मला वाईट वाटत नाही, पण खरं सांगू का, आमच्या घरी नाताळ म्हणजे चिठ्ठ्या आणि गिफ्ट कधी नव्हतंच. आमच्याकडे डिसेंबरात शेजारपाजारी ताटं जातात. आई न्यूरी करते, म्हणजे तुमची करंजीच, आत रवा-खोबरं, कडेला कातण्याने नक्षी. कलकल करायला तर आम्ही पोरं सगळी बसायचो, पिठाची गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून गुंडाळायची की शिंपल्यासारखी होते. ताट झाकून पाठवायचं आणि ताट रिकामं परत येत नाही. दिवाळीत शेजारच्या काकू चकली-लाडू घालून पाठवायच्या, नाताळात त्याच ताटात आमची न्यूरी जायची. दोन्ही घरांतलं एकच स्टीलचं ताट होतं ते, कोणाचं मूळचं हे आता कोणालाच आठवत नाही.

म्हणून आमच्या टीममध्ये मी दोन वर्षांपूर्वी सुचवलं की सांताच्या चिठ्ठ्या ठेवा, पण विकत आणलेलं गिफ्ट नको, फक्त खाऊ. घरी केलेला असला तर उत्तम, नाहीतर दहा रुपयांची चिक्की पण चालेल. किंमत कोणालाच कळत नाही कारण स्टिकरच नसतो. आमच्या टीममधली एक मुलगी मालेगावची, ती शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली, म्हणाली ईदला सुट्टी असते तेव्हा तुम्हाला कधी द्यायला मिळतच नाही.

अजून एक मनातलं. दिवाळीच्या चार दिवसांत मी दरवर्षी ऑफिसात थांबतो, जेणेकरून बाकीच्यांना सुट्टी मिळेल, आनंदाने थांबतो. पण २४ डिसेंबरला मिडनाइट मास, म्हणजे चर्चमधली मध्यरात्रीची प्रार्थना असते आणि नेमकं त्याच दिवशी इयर एंडचं क्लोजिंग म्हणून रात्री नऊपर्यंत बसवतात. एकदा मी वागळेहून धावत चर्चला पोचलो तेव्हा आत जागाच नव्हती, बाहेर रस्त्यावर उभा राहून ऐकलं. ताई, तुम्ही पार्टी करा न करा, पण रजेचा एक तक्ता बनवा आणि ज्याने तुमच्या सणाला शिफ्ट घेतली त्याच्या सणाला त्याची शिफ्ट तुम्ही घ्या. माझ्यासाठी त्याहून मोठं गिफ्ट नाही.

घोडबंदरवाली (३ ऑक्टोबर)

डॉम्निक, हा तक्ता मी सोमवारी आमच्याकडे पण काढते. अकरा वर्षांत एकदा पण सुचलं नाही मला.

ऐरोलीची_लेक (२५ ऑक्टोबर)

दिवाळी झाली, आता नीट सांगते काय काय झालं ते. सगळं मनासारखं नाही झालं.

गेटचं रजिस्टर बघितलं, आकडा ४२ चा ५३ झाला. कंपनीने ४२ बॉक्सचेच पैसे मंजूर केले, मी दोनदा वर जाऊन सांगितलं तरी नाही. मग आम्ही बॉक्स लहान केले आणि त्याच पैशात ५३ बसवले. दोघा-तिघांनी कुरकुर केली की गेल्या वर्षी मोठा होता. मी कारण सांगितलं, मग गप्प बसले.

डब्यात पाकिटं टाकायला आठ दिवस ठेवले होते. गेल्या वर्षी ठरवून जेवढे जमले होते त्यापेक्षा अडीच हजार जास्त निघाले. एका पाकिटात वीस रुपयांची नोट होती, दोन घड्या घातलेली. कोणाची ते आम्हाला माहीत नाही आणि शोधलं पण नाही.

एक्स्चेंज नाही केलं. त्याऐवजी ज्याला जमेल त्याने घरचा एक पदार्थ, आणि नऊ दिवाळी अंक आले, त्यात एक तमिळ आहे. रंगीत कागद तरी राहिलाच होता बजेटमध्ये, तो मी अख्खा रोल आणला, कापला नाही, मावशींना दिला, नातवाच्या वह्यांसाठी म्हणून. त्यांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, हा तर पुढच्या वर्षाला पण पुरेल.

प्लेटांची नावं लावली होती, मी, मैत्रीण, आणि आमचे मॅनेजर सर, त्यांनी स्वतःहून नाव दिलं. मावशी तीनदा उठायला गेल्या, तीनदा बसवलं. पँट्रीतले दादा शेवटपर्यंत बसले नाहीत, मला उभ्यानेच बरं वाटतं म्हणाले, मग मी पण जास्त ताणलं नाही. कोपरखैरणेकर, धनत्रयोदशीला शनिवारी मावशींची हाफ डे ड्युटी होती, ती रद्द करून भरपगारी सुट्टी द्यायला सरांनी मान्य केलं, हे तुझ्या आईमुळे झालं असं तिला सांग.

कळव्याचा मुलगा आता आमच्याकडे पर्मनंट आहे. यंदा आला, आईने केलेले शंकरपाळे घेऊन, आणि सगळ्यात आधी तोच डबा रिकामा झाला.

२४ डिसेंबरचा तक्ता पँट्रीत लावलाय. आमच्याकडे दोघं आहेत मासला जाणारे, त्यांच्या नावापुढे माझं आणि सरांचं नाव आहे.

आणि काका, बिलं काढली. एप्रिलपासून प्रत्येक बिलात बोनस म्हणून ८.३३ टक्के लावलेले आहेत आणि आम्ही ते दर महिन्याला भरतोय. मावशींना, दादांना आणि गेटवरच्या दोघांना वेगवेगळं विचारलं, चौघांनाही गेल्या वर्षी काहीच मिळालेलं नाही, दिवाळीला पाचशे रुपये हातात दिले होते म्हणाले. सरांच्या सहीने कॉन्ट्रॅक्टरला मेल गेलाय, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं दोन्ही मागितलंय, बँकेत जमा केल्याच्या पुराव्यासकट, आणि तोपर्यंत पुढचं बिल माझ्या टेबलावर थांबवलंय. अजून उत्तर नाही. सोमवारी परत फोन करणार आहे, ३० नोव्हेंबर ही तारीख माझ्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीये.